एअरबॅगचा दिवा विझत नाही तेव्हा: जुन्या आलिशान गाडीतला दोष कसा शोधावा

किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम उजळतात आणि काही सेकंदांत एकेक करून विझतात. छातीसमोर गोल फुगा असलेल्या, बसलेल्या माणसाचे चित्र ज्यावर असते तो दिवाही त्यांच्याबरोबर लागतो, साधारण तीन ते सात सेकंद राहतो आणि जातो. तो गेलाच नाही, किंवा गेल्यावर थोड्या वेळाने परत आला, तर एअरबॅगच्या यंत्रणेत काही तरी बिघडले आहे, इथपर्यंत बहुतेकांना माहीत असते. गोंधळ होतो तो पुढे. गाडी नेहमीसारखीच चालते, इंजिनाचा आवाज बदललेला नसतो, ब्रेक नीट लागतात. त्यामुळे काही जण या दिव्याकडे वर्षानुवर्षे काणाडोळा करतात. याउलट काही जण दिवा एअरबॅगचा आहे म्हणजे एअरबॅगच बदलावी लागणार असे गृहीत धरून महागडा सुटा भाग मागवतात आणि तो बसवल्यावरही दिवा तसाच राहिला की डोक्याला हात लावून बसतात. पंधरा-वीस वर्षे जुन्या आलिशान गाड्यांमध्ये हा दुसरा प्रकार फार पाहायला मिळतो. अशा गाडीत दिवा लागण्याची कारणे अनेक असतात आणि त्यांतली बरीचशी एअरबॅगपासून हातभर दूर, कुठल्या तरी कनेक्टरमध्ये किंवा सतत हलणाऱ्या तारेत दडलेली असतात.

आधी यंत्रणा समजून घेऊ. एअरबॅग म्हणजे घडी घालून ठेवलेली नायलॉनची रिकामी पिशवी आणि तिच्या पाठीशी असलेली धातूची एक डबी, जिला इन्फ्लेटर म्हणतात. या डबीत झपाट्याने वायू तयार करणारे रसायन असते आणि त्याला पेट देण्यासाठी एक छोटा इग्नायटर असतो. इग्नायटरच्या पोटात केसासारखी बारीक तार असते. तिच्यातून पुरेसा विद्युतप्रवाह गेला की ती क्षणात तापते, भोवतीची चिमूटभर दारू पेटते आणि तिच्या पाठोपाठ मुख्य रसायन पेट घेते. समोरून जोराची धडक बसल्यापासून पिशवी पूर्ण फुगेपर्यंत साधारण ४० ते ५० मिलिसेकंद जातात. पापणी लवायला याहून अधिक वेळ लागतो. पेटवण्याचा हुकूम देणारा छोटा संगणक, म्हणजे एअरबॅग कंट्रोल युनिट, बहुतेक गाड्यांत पुढच्या दोन आसनांच्या मधल्या कन्सोलखाली, गाडीच्या पत्र्याला घट्ट बोल्ट करून बसवलेला असतो. पत्र्याला बसलेला हादरा जसाच्या तसा त्याच्यापर्यंत पोहोचावा, म्हणून ही जागा आणि हा घट्टपणा.

‘एअरबॅगचा दिवा’ हे नाव तसे अपुरेच आहे. मर्सिडीज-बेंझने १९८१ मध्ये एस-क्लास गाडीत ही सोय देऊ केली, तेव्हा चालकासाठी एअरबॅग आणि शेजारच्या प्रवाशासाठी सीटबेल्टचा प्रीटेन्शनर, म्हणजे धडकेच्या क्षणी पट्टा झटक्यात आवळून धरणारे साधन, अशी ती जोडी होती. म्हणजे अगदी आरंभापासून हा दिवा एअरबॅगपेक्षा जास्त गोष्टींवर पहारा देत आलेला आहे. पुढच्या वीस वर्षांत या यंत्रणेचा पसारा इतका वाढला की २००० नंतरच्या एखाद्या मोठ्या सेडानमध्ये स्टिअरिंगमधली आणि डॅशबोर्डमधली एअरबॅग (त्या दोन टप्प्यांच्या असतील तर प्रत्येकीत दोन इग्नायटर), आसनांतल्या किंवा दारांतल्या बाजूच्या एअरबॅगा, छताच्या कडेला लपवलेल्या डोक्याच्या एअरबॅगा, प्रत्येक पट्ट्याचा प्रीटेन्शनर, बकलमधले स्विच, पुढच्या प्रवाशाच्या आसनात कोणी बसले आहे का हे ओळखणारी चटई आणि खांबांत किंवा दारांत बसवलेले धडकेचे सेन्सर एवढे सगळे एकाच दिव्याच्या अखत्यारीत आले. त्या काळच्या अनेक बीएमडब्ल्यू गाड्यांत तर अपघात झाल्यावर बॅटरीच्या जाड तारेचा संबंध तोडून टाकणारे एक स्फोटक टर्मिनलही असते, आणि त्याच्या तारेत दोष आला तरी दिवा एअरबॅगचाच लागतो. डिकीतल्या बॅटरीपाशी असलेल्या दोषासाठी स्टिअरिंग उघडून बसणारा माणूस किती वेळ वाया घालवेल याची कल्पना यावरून यावी.

इतक्या सगळ्या इग्नायटरांची तपासणी त्यांना न पेटवता कशी करायची? ही अडचण यंत्रणा ज्या युक्तीने सोडवते, ती कळली की पुढचे सगळे निदान समजायला सोपे जाते. इग्नायटरच्या बारीक तारेचा विद्युतरोध साधारण दोन ओहम असतो. तिला पेटवायला सुमारे सव्वा ॲम्पियर प्रवाह दोन मिलिसेकंद द्यावा लागतो. कंट्रोल युनिट गाडी चालू असताना प्रत्येक मंडलातून (सर्किटमधून) यापेक्षा कितीतरी कमी, काही मिलिॲम्पियर ते काही दहा मिलिॲम्पियर इतकाच, निरुपद्रवी प्रवाह पुन्हा पुन्हा सोडतो आणि त्यावरून त्या मंडलाचा रोध मोजतो. तारा, कनेक्टर आणि इग्नायटर मिळून हा आकडा उत्पादकाने ठरवलेल्या अरुंद पट्ट्यात, म्हणजे ढोबळमानाने दीड ते चार ओहमांच्या दरम्यान असला, तर सगळे ठीक. आकडा पट्ट्याबाहेर गेला की संगणक फॉल्ट कोड, म्हणजे त्या दोषाची सांकेतिक खूण, नोंदवतो आणि दिवा लावतो. त्याच्या दृष्टीने तिथे एअरबॅग आहे की दोन ओहमांचा साधा रेझिस्टर, म्हणजे ठरावीक रोधाचा सुटा भाग, आहे, यात काहीही फरक नसतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण दोष शोधताना तिचा उपयोग होतो आणि गाडी विकताना तिचा दुरुपयोगही होतो.

आता या अरुंद पट्ट्याचा परिणाम पाहा. कनेक्टरच्या पिनेवर काळसर थर साचला आणि त्याने दोन ओहमांचा जादा अडथळा निर्माण केला असे समजा. स्टिअरिंगवरच्या हॉर्नच्या बटणाच्या वाटेत हाच अडथळा आला तर हॉर्न पूर्वीसारखाच वाजेल, कारण बटण ज्या रिलेला (विजेने चालणाऱ्या स्विचला) चालवते त्याच्या गुंडाळीचाच रोध ऐंशी-शंभर ओहमांच्या घरात असतो. तिला दोन ओहमांचे काय? एअरबॅगच्या मंडलात मात्र दोनाचे चार झाले म्हणजे दुप्पट झाले. हॉर्नच्या बटणासारख्या मंडलाने निमूट सोसला असता असा किरकोळ दोष या मंडलात ताबडतोब उघडा पडतो. म्हणून जुन्या गाडीत हा दिवा लागणे हे पुष्कळदा वायरिंगच्या म्हातारपणाचे लक्षण असते. अर्थात म्हणून ते क्षुल्लक ठरत नाही. दोष नोंदवल्यावर काही गाड्यांत फक्त ते एक मंडल बंद पडते, तर काहींत सगळी यंत्रणाच निकामी केली जाते. आपल्या गाडीत यांपैकी काय होते हे ठाऊक नसेल तर एकही एअरबॅग उघडणार नाही असे धरूनच चालावे. सीटबेल्टचे झटक्याने अडकणे यांत्रिक असते, त्यामुळे पट्टा आपले मूळ काम करत राहतो. प्रीटेन्शनरचा भरवसा मात्र उरत नाही.

फॉल्ट कोडची भाषाही या रोधाच्याच हिशेबाने वाचायची असते. ‘रोध जास्त’ असा कोड असेल तर तार तुटली आहे, कनेक्टर सुटला आहे किंवा पिनेवर थर साचला आहे. ‘रोध कमी’ असेल तर दोन तारा कुठे तरी एकमेकींना चिकटल्या आहेत. ‘बॉडीला शॉर्ट’ किंवा ‘बॅटरीच्या धन बाजूला शॉर्ट’ असे असेल तर तारेचे आवरण घासून ती पत्र्याला किंवा शेजारच्या तारेला टेकली आहे. यांतल्या ‘रोध कमी’ या प्रकारात एक गंमत आहे. पिवळ्या रंगाच्या या कनेक्टरांपैकी अनेकांत एक लवचीक पत्ती असते, जी कनेक्टर सुटलेला असताना एअरबॅगच्या बाजूच्या दोन्ही पिना एकमेकींना जोडून ठेवते, म्हणजे हाताळताना स्थिर विजेने इग्नायटर पेटण्याचा धोका राहत नाही. कनेक्टर पुरता आत बसला की ती पत्ती बाजूला ढकलली जाते. तो अर्धवट बसला, तर पिना जुळतात पण पत्ती हटत नाही, आणि संगणकाला शून्याजवळचा रोध दिसतो. कोड शॉर्टचा, आणि खरे कारण शेवटचा ‘टक्’ आवाज येईपर्यंत न दाबलेला कनेक्टर.

कोड वाचायलाच अनेकांची पहिली ठेच लागते. बाजारात सहज मिळणारा, गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटला जोडायचा साधा ओबीडी स्कॅनर इंजिनाचे आणि प्रदूषणाशी संबंधित कोड वाचण्यासाठी असतो. एअरबॅगच्या युनिटशी तो बहुधा बोलूच शकत नाही, आणि ‘एकही कोड नाही’ असे दाखवून उलट दिशाभूल करतो. त्या त्या उत्पादकाच्या एसआरएस, म्हणजे एअरबॅग आणि प्रीटेन्शनर यांच्या, यंत्रणेत शिरू शकणारा स्कॅनर लागतो. १९९० च्या दशकातल्या गाड्यांत आणखी एक अडचण येते: जुन्या बीएमडब्ल्यूमध्ये बॉनेटखाली वीस पिनांचे आणि जुन्या मर्सिडीजमध्ये अडतीस पिनांचे गोल सॉकेट असते, त्यामुळे त्या जोडणीचे ॲडॉप्टरही हवे. टोयोटा आणि लेक्ससच्या कित्येक जुन्या गाड्यांत डायग्नोस्टिक सॉकेटमधल्या दोन ठरावीक पिना तारेने जोडल्या की एअरबॅगचा दिवाच उघडझाप करून कोडचे आकडे दाखवतो. ते मोजून सेवा पुस्तिकेशी ताडून पाहायचे असतात. मात्र कोणत्या दोन पिना हे पुस्तिकेत पाहिल्याशिवाय तिथे तार लावू नये.

कोड दिसला की तो लगेच पुसण्याचा मोह होतो. तो आवरावा. आधी सगळे कोड जसेच्या तसे लिहून ठेवावेत, त्यांतला कोणता ‘सध्या हजर’ आहे आणि कोणता केवळ ‘पूर्वी नोंदवलेला’ आहे हे पाहावे, आणि मगच पुसून कोणता परत येतो ते बघावे. लगेच परतणारा कोड म्हणजे कायमचा दोष. चार दिवसांनी, वळण घेताना किंवा आसन सरकवल्यावर येणारा कोड म्हणजे हलणाऱ्या ठिकाणचा दोष. पुसल्यावर कधीच न येणारा कोड बहुधा कोणाच्या तरी निष्काळजीपणाची आठवण असतो: गालिचा धुण्यासाठी आसन काढले, कनेक्टर मोकळा असताना कोणी किल्ली फिरवली आणि संगणकाने इमानेइतबारे नोंद करून ठेवली. याचसाठी स्कॅनर लावण्याच्याही आधी विचारण्यासारखा एक प्रश्न आहे, तो म्हणजे दिवा लागण्यापूर्वीच्या पंधरवड्यात गाडीत कोणते काम झाले होते? स्टिरिओ बदलला, स्टिअरिंग रॅक उतरवला, आसनांचे कव्हर शिवून घेतले, बॅटरी संपून गाडी जंप-स्टार्ट केली, यांतले उत्तर मिळाले तर अर्धे निदान तिथेच झाले.

बॅटरीचा उल्लेख ओघात आलाच आहे तर तो पुरा करू. आलिशान गाडीत डझनावारी संगणक असतात आणि म्हाताऱ्या बॅटरीवर इंजिन चालू करताना व्होल्टेज इतके खाली जाते की एअरबॅगचे युनिट पुरवठा अपुरा असल्याची नोंद करते. दिवा थंडीच्या सकाळी लागत असेल आणि कोड पुरवठ्याच्या व्होल्टेजचा असेल, तर बॅटरी आणि अल्टरनेटर तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. ही तपासणी सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत जास्त वेळा विसरली जाते.

यानंतर संशयाचा क्रम ठरवायचा तर माझा नियम साधा आहे: गाडीत जे जास्त हलते ते आधी पाहावे. या हिशेबाने पुढच्या आसनांखालच्या तारा पहिल्या येतात. वीजेवर चालणाऱ्या, ठरवून दिलेली जागा लक्षात ठेवणाऱ्या, गरम होणाऱ्या आसनाखाली तारांचा जाडजूड जुडगा असतो आणि आसन प्रत्येक वेळी सरकताना तो ओढला जातो. अशाच एका जुन्या सेडानचा दिवा मी पाहिला आहे. प्रवाशाच्या बाजूचा पट्टा प्रीटेन्शनरसह आधीच बदलून झाला होता आणि तरी कोड त्याच मंडलाचा येत होता. स्कॅनरवर त्या मंडलाचा रोध प्रत्यक्ष आकड्यात दिसत होता, २.३ ओहम. आसनाचा स्विच दाबून ते हळूहळू मागे घेतले, तसा आकडा २.४ झाला, मग एकदम ५.८, आणि आसन थांबताच पुन्हा २.४. बॅटरी काढून, थांबून, नंतर टॉर्चच्या उजेडात पाहिले तर आसनाखाली कोणी तरी कधी काळी सरकवून ठेवलेली छत्री होती. तिच्या दांड्याने तारांचा जुडगा एका बाजूला दाबला गेला होता आणि पिवळ्या कनेक्टरातली एक पीन सैल होऊन काळवंडली होती. जुना पट्टा काढून टाकण्याजोगा नव्हताच.

हलण्यात दुसरा क्रमांक क्लॉक स्प्रिंगचा. स्टिअरिंग फिरते आणि त्याला धरणारा कॉलम (दांड्याचे आवरण) स्थिर असतो, मग तारा पिळल्या न जाता स्टिअरिंगमधल्या एअरबॅगपर्यंत पोहोचतात कशा? प्लास्टिकच्या चपट्या गोल डबीत घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली एक चपटी पट्टी असते. स्टिअरिंग एकीकडे फिरले की ती आवळते, दुसरीकडे फिरले की सैल होते. हजारो वेळा आवळून-सैल होऊन तिच्यातली एखादी तांब्याची रेघ तडकते. दिवा वळणावर लागत असेल, किंवा दिव्याबरोबरच हॉर्न, क्रूझ कंट्रोल (वेग कायम राखणारी सोय) आणि आवाजाची स्टिअरिंगवरची बटणे बंद पडली असतील, तर संशय जवळपास पक्का होतो. उलट हॉर्न वाजतो म्हणून क्लॉक स्प्रिंग निर्दोष असे मात्र म्हणता येत नाही. त्याचे कारण ऐंशी विरुद्ध दोन ओहमांच्या हिशेबात वर आलेच आहे. पट्टीची लांबी स्टिअरिंगच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या फेऱ्यांना थोडी वाढीव राखून ठरवलेली असते. म्हणून नवी बसवताना चाके सरळ आणि पट्टी मध्यावर असावी लागते, आणि कॉलम रॅकपासून सोडवलेला असताना कोणी स्टिअरिंग सहज गरगर फिरवले तर पहिल्याच पूर्ण वळणाला ती तुटते.

मग पाणी. सनरूफच्या चौकटीतले पावसाचे पाणी बारीक नळ्यांतून खांबांच्या आतून खाली सोडलेले असते. या नळ्या पाने-धुळीने तुंबल्या की पाणी आत उतरते आणि जाड गालिच्याखालच्या फोममध्ये महिनोन्महिने मुरून राहते. वर हात फिरवला तर कोरडेच लागते. कंट्रोल युनिट आणि कित्येक कनेक्टर नेमके त्याच पातळीवर असतात. एकाच वेळी अनेक असंबद्ध मंडलांचे कोड दिसत असतील तर गालिचा उचलून फोम दाबून पाहावा. तो ओला निघाला, तर कनेक्टर साफ करण्याआधी पाण्याची वाट बंद करावी.

पुढच्या प्रवाशाच्या आसनातली चटई हा २००० च्या आसपासच्या जर्मन गाड्यांचा जुना दुखणाईत भाग आहे. गुडघा टेकवून मागच्या आसनावरचे सामान काढण्यासारख्या सवयींनी तिच्यातले वाहक तडकतात. तिच्या जागी ‘आसन नेहमी भरलेले आहे’ किंवा ‘सगळे ठीक आहे’ असे खोटे सांगणारी छोटी यंत्रे विकली जातात. माझ्या मते ती बसवू नयेत, कारण पुढच्या आसनावर मूल किंवा लहान चणीची व्यक्ती असताना एअरबॅगने काय करायचे हा निर्णय ज्या माहितीवर होतो, तीच माहिती ही यंत्रे खोटी पाडतात. बकलमधल्या स्विचमध्ये सांडलेला चहा-कॉफी, दाराच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीत तुटलेली तार आणि बंपरमागचा गंजलेला सेन्सर यांची तपासणी यानंतर करावी.

कंट्रोल युनिट स्वतः बिघडू शकते, पण त्याच्यावर येताना शेवटी यावे. त्यातही अपवाद म्हणजे ‘अंतर्गत दोष’ असा स्पष्ट कोड, किंवा पूर्वी एअरबॅग उघडल्यामुळे युनिटमध्ये कुलूपबंद झालेली अपघाताची नोंद. दुसऱ्या गाडीतून काढलेले युनिट जुळणारे दिसले तरी त्यात त्या गाडीची ओळख आणि साधनांची यादी भरलेली असते. ते कोडिंग केल्याशिवाय नवा दिवा लागण्यापलीकडे काही साधत नाही.

आता प्रत्यक्ष काम. इथे सावधगिरीच्या सूचना लेखाच्या शेवटी टाकण्यासारख्या नाहीत, कारण त्याच कामाची पहिली पायरी आहेत. इग्नायटरवर टेस्ट लॅम्प कधीही लावू नये. २१ वॅटचा साधा बल्ब बारा व्होल्टवर पावणेदोन ॲम्पियर ओढतो, आणि इग्नायटर पेटायला सव्वा ॲम्पियर पुरतो. मल्टिमीटरही थेट एअरबॅगच्या पिनांना लावू नये, कारण मीटर किती प्रवाह सोडतो हे वापरणाऱ्याला बहुधा माहीत नसते. किल्ली बंद करून बॅटरीची ऋण तार काढावी आणि उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबावे. अपघातात बॅटरी तुटली तरी एअरबॅग उघडता यावी म्हणून युनिटमध्ये वीज साठवणारे कपॅसिटर भरलेले असतात आणि ते रिकामे व्हायला एक-दोन मिनिटांपासून दहा मिनिटांपेक्षा जास्तही वेळ लागू शकतो. तार काढण्याआधी एक छोटी गोष्ट करावी: वीजेवर चालणारे आसन हवे तिथे सरकवून घ्यावे, नाही तर बोल्ट झाकलेले राहतात आणि सगळा सोपस्कार पुन्हा करावा लागतो. उतरवलेली एअरबॅग पिशवीची बाजू वर ठेवूनच ठेवावी. उघडणारी पिशवी ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेगाने बाहेर येते, आणि ती पालथी असली तर धातूची डबीच हवेत उडते. वीज चालू असताना पिवळ्या तारा हाताने ओढून पाहू नयेत. हालचाल करून पाहायची ती आसनाच्या स्विचने किंवा स्टिअरिंग फिरवून.

ज्या मंडलाचा कोड आहे त्याचा दोष नेमका कुठे, हे ठरवण्याची पद्धत वाट अर्ध्यावर तोडत जाण्याची आहे. बॅटरी काढून आणि थांबून एअरबॅगचा कनेक्टर सोडवावा, गाडीच्या बाजूच्या कनेक्टरला उत्पादकाने सांगितलेल्या रोधाचा, साधारण दोन ओहमांचा, चाचणी-रेझिस्टर जोडावा, गाडीत कोणी नसताना बॅटरी जोडावी आणि कोड पुन्हा वाचावेत. कोड गेला तर दोष एअरबॅगमध्ये किंवा तिच्या शेवटच्या जोडणीत. तो राहिला तर एअरबॅग निर्दोष. रेझिस्टर एक कनेक्टर मागे, म्हणजे क्लॉक स्प्रिंगच्या खाली किंवा आसनाखाली, नेऊन तीच चाचणी पुन्हा करावी. दोन-तीन फेऱ्यांत दोष दोन कनेक्टरांमधल्या तुकड्यात कोंडला जातो. दोन्ही टोके गाडीपासून सोडवलेल्या त्या नुसत्या तारेवर मग मल्टिमीटर लावायला हरकत नाही. दुरुस्तीसाठी तारा पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणे म्हणजे काही महिन्यांनी तोच कोड परत बोलावणे होय. कित्येक उत्पादक आसनाखालच्या कनेक्टरसाठी वेगळा दुरुस्ती-संच देतात आणि तोच वापरावा. ज्याच्याकडे सेवा पुस्तिका, योग्य स्कॅनर आणि चाचणी-रेझिस्टर नाही, त्याने कोड वाचणे, बॅटरी तपासणे आणि आसनाखालचे सामान काढणे एवढ्यावर थांबून पुढचे काम या यंत्रणेचा अनुभव असलेल्या तंत्रज्ञाकडे द्यावे. तंत्रज्ञाला काय विचारायचे ते तरी मग गाडीमालकाला ठाऊक असेल.

जुनी गाडी विकत घेताना मात्र हा दिवा लागत नाही एवढ्यावर समाधान मानू नये. किल्ली फिरवल्यावर तो आधी लागला पाहिजे. लागलाच नाही तर त्याचा बल्ब काढलेला असू शकतो. दुसऱ्याच दिव्याबरोबर विझला तर तो तेलाच्या किंवा चार्जिंगच्या दिव्याला जोडलेला असू शकतो. अपघातात उघडलेल्या एअरबॅगच्या जागी रेझिस्टर बसवून वर नवे कव्हर लावले, तर दिवा अगदी नियमाप्रमाणे लागतो आणि विझतो. अशा वेळी स्टिअरिंगच्या मधल्या कव्हरचा पोत आजूबाजूच्या प्लास्टिकशी जुळतो का आणि डॅशबोर्डवर जोड दिसतो का, हे डोळ्यांनीच पाहावे लागते.

शिवाय संगणक मोजतो तो फक्त तारेचा रोध. डबीतले रसायन कोणत्या अवस्थेत आहे हे त्याला कळत नाही. टकाटा कंपनीच्या इन्फ्लेटरांतले अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने बिघडून प्रमाणाबाहेर जोराने पेटत असे आणि डबीच फुटून धातूचे तुकडे प्रवाशांच्या अंगात घुसत. एकट्या अमेरिकेत असे सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर परत मागवावे लागले आणि कंपनीने २०१७ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. बीएमडब्ल्यू, मर्सिडीज-बेंझ, ऑडी, लेक्सस यांच्या गाड्याही त्यांत होत्या, आणि त्या गाड्यांत हा दिवा नीट विझत होता. त्यामुळे दिव्याचा दोष शोधायला बसण्याआधी चासी क्रमांक उत्पादकाच्या रिकॉल-तपासणीत टाकून पाहावा. बदलून मिळणारा भाग विनामूल्य असतो. काही जुन्या गाड्यांच्या दाराच्या चौकटीवर एअरबॅग १० किंवा १५ वर्षांनी तपासण्याची किंवा बदलण्याची सूचना चिकटवलेली असते, तीही वाचावी.

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसायचे आणि किल्ली फिरवून सेकंद मोजायचे. दिवा ठरलेल्या वेळी विझला की स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोनदा न्यायचे, दोन्ही आसने पुढे-मागे पूर्ण सरकवायची, चारही बकल लावून-काढून पाहायची आणि मग खडबडीत रस्त्यावरून दहा-पंधरा मिनिटे गाडी चालवून यायचे. परतल्यावर स्कॅनर पुन्हा लावायचा. नोंदवहीत एकही नवा कोड नसेल, तर काम झाले.